तिसरी फेरी

"साहेब, पंखे लावा," मेस्त्री दारातूनच म्हणाले.

सकाळचे आठ वाजले होते. मी मॉडेलच्या कट्ट्यावर बसून चहा पीत होतो. गेनबा मल्लाव हे धरणावरच्या आमच्या संशोधन केंद्राचे मेस्त्री. कामावर आल्यावर आधी तंबाखू मळायची, मग आभाळाकडे एकदा बघायचं आणि मग तोंड उघडायचं, हा त्यांचा शिरस्ता. त्या दिवशी ते पळत आले होते. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलं होतं आणि श्वास छातीत मावत नव्हता. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, बकुळा काल सांजच्याला पाण्यात गेली, अजून गावली नाही.

बकुळा त्यांची मुलगी. अठरा वर्षांची असेल. बापाचा डबा घेऊन दुपारी शेडमध्ये यायची आणि मी पाण्याच्या शास्त्रात एवढं शिकून मला पोहता येत नाही, याचं तिला फार हसू यायचं. "सायबांचं समदं पानी घोट्याएवढं," असं ती बापाला माझ्यादेखत सांगायची. मला राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं. आमचं मॉडेल सर्वांत खोल जागी वीतभरच खोल होतं.

हकिगत मेस्त्रींनी दोन-चार वाक्यांत सांगितली. मेस्त्रींचा धाकटा भाऊ सोपान आणि बकुळा होडी घेऊन जाळी काढायला गेले होते. आषाढाचा वारा, पाच वाजता एकाएकी जोर धरला आणि भैरोबाच्या टेकडीसमोर, अगदी मधोमध, होडी उलटली. सोपान कसाबसा पोहत काठाला लागला. त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा पोरीने तरंगत्या डब्याला मिठी मारली होती आणि ती लाटांवर वरखाली होत होती. नंतर ती दिसली नाही. रात्रभर काठाकाठाने कंदील फिरले. सकाळपासून पाटबंधारे खात्याची एकुलती एक मोटार लाँच आणि कोळ्यांच्या पाच-सहा होड्या पाण्यात होत्या.

मी म्हणालो, "मेस्त्री, तुम्ही इथं काय करताय? जीप घ्या, काठावर जा."

"काठावर उभं राहून म्या काय करू, साहेब? तितं फकस्त लाटा दिसत्यात. हितं आख्खं धरण माझ्या पायाशी हाय."

हे वाक्य मी आजवर विसरलो नाही. तेव्हा मात्र ते ऐकून मला बरं वाटलं, हे कबूल करतो. अठ्ठावीस वर्षांचा होतो. पुण्याहून या केंद्रावर येऊन सहा महिने झाले होते आणि आपल्या शास्त्राचा कुणाच्या जिवाला उपयोग होतोय, असा प्रसंग पहिल्यांदाच आला होता. आमचे प्रमुख खांडेपारकर साहेब दिल्लीला गेले होते. म्हणजे केंद्राचा मालक त्या दिवशी मीच.

मॉडेल म्हणजे काय ते सांगायला हवं. तळगाव धरणाच्या पायथ्याशी आमची पत्र्याची लांबलचक शेड होती आणि तिच्यात त्याच धरणाच्या फुगवट्याची सिमेंटची प्रतिकृती होती. चाळीस मीटर लांब, दहा मीटर रुंद. पश्चिमेच्या टोकाला आठ मोठे पंखे ओळीने लावलेले. वाऱ्याने धरणातलं पाणी कुठून कुठे सरकतं, त्याबरोबर गाळ कुठे जातो, हे आम्ही शोधत होतो. प्रमाण असं बसवलं होतं की धरणातला एक तास म्हणजे मॉडेलातलं दीड मिनिट. तळ सगळा मेस्त्रींच्या हातचा. धरण होण्याआधी त्यांचं शेत तिथेच होतं, त्यामुळे सर्व्हेच्या नकाशात न सापडलेले दोन ओढे त्यांनी स्वतःच्या आठवणीने थापीने कोरले होते. खांडेपारकर साहेबांनी नंतर मोजून घेतले, तर ते बरोबर निघाले.

मी पंखे लावले. मेस्त्री बटणांच्या फळीशी उभे राहून वाऱ्याचा जोर जुळवत होते. मी थर्माकोलचे बारीक तुकडे कापले आणि भैरोबाच्या टेकडीसमोर मधोमध सोडले. डबा म्हणजे प्लॅस्टिकचा रिकामा कॅन, तो तरंगतो, वारा त्याला ढकलतो, माझ्या डोक्यात हे इतकं सरळ होतं. तुकडे भराभरा पूर्वेला निघाले आणि धरणाच्या भिंतीला, उत्तरेच्या कोपऱ्यात, गोळा झाले.

मी भिंतीवरच्या चौकीला फोन केला. तिथे शाखा अभियंता शेटे शोधाचं काम बघत होते. त्यांना सांगितलं की उत्तरेच्या कोपऱ्यात बघा. त्यांनी विचारलं, खात्री आहे का, कारण लाँच आत्ता मध्यावर आहे, ती भोंगा वाजवून परत फिरवावी लागेल. मी म्हणालो, आहे. माझ्या आवाजात किती रुबाब होता ते आठवलं की आजही मला माझी लाज वाटते.

साडेनऊला शेट्यांचा फोन आला. कोपरा चाळून काढला होता. दोन ओंडके, एक मेलेलं वासरू आणि सोपानची होडी सापडली होती. मुलगी नव्हती.

मी मेस्त्रींना सांगितलं. ते कट्ट्यावर उकिडवे बसले होते आणि भिंतीला चिकटलेल्या त्या पांढऱ्या तुकड्यांकडे बघत होते. पंख्यांकडे असल्यामुळे मी पाण्यात काय टाकलं ते त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं.

"हे काय टाकलंय तुमी?"

"थर्माकोल. डबा तरंगतो ना."

ते अगदी हळू बोलले. "साहेब, डबा सुटा कुटं व्हता? जाळ्याचा डबा त्यो. त्याच्या खाली वीस फूट जाळं लोंबतंय, शिसं लावलेलं."

मला क्षणभर कळलंच नाही. मासे धरणाऱ्या भोयाच्या घरात डबा म्हटलं की जाळ्याचा डबा, तो वेगळा सांगायची गरज नाही. सोपानने सांगितलं नाही, मेस्त्रींनी सांगितलं नाही. आणि मी, ज्याला आयुष्यात जाळं फक्त बाजारात माशांखाली अंथरलेलं दिसलं होतं, मी विचारलं नाही. वीस फूट जाळं खाली लोंबत असेल, तर डब्याला वारा ओढत नाही, खालचं पाणी ओढतं. आणि खालचं पाणी कुठे जातं, ते तर आम्ही सहा महिने मोजत होतो. वारा वरचं पाणी भिंतीकडे ढकलतो. तिथे त्याला जागा उरत नाही. मग ते खाली बुडी मारून जुन्या नदीपात्रातून वाऱ्याच्या उलट, पश्चिमेकडे परततं. सगळे तिला पूर्वेला शोधत होते आणि ती पश्चिमेला चालली होती.

मेस्त्रींनी शेडमधल्या मच्छरदाणीची कड फाडली. चार बोटं लांबीची पट्टी कापून तिला खालून शिशाचे बारीक मणी ओवले आणि वर थर्माकोलचा तुकडा बांधला. मी सुईत दोरा ओवायला तीनदा चुकलो, शेवटी त्यांनीच सुई काढून घेतली.

साडेदहाला आम्ही पट्टी सोडली. काल संध्याकाळी पाच ते आज सकाळी अकरा, अठरा तास, म्हणजे मॉडेलातली सत्तावीस मिनिटं. पट्टी आधी जागच्या जागी डुलली. मग तिने तोंड फिरवलं आणि पंख्यांचा वारा समोरून येत असताना ती त्या वाऱ्यात शिरली. जुन्या पात्राच्या वळणावळणाने ती गेली आणि विसाव्या मिनिटाला जुन्या पुलाच्या तिसऱ्या खांबाला अडकून थांबली. हा पूल धरणात बुडालेला, पण पावसाच्या सुरुवातीला पाणी कमी असल्यामुळे त्याचे खांब माणूसभर वर दिसायचे. काठापासून दीड किलोमीटर आत. पाऊस-धुक्यात काठावरून तिथे काही दिसणं शक्य नव्हतं.

म्हणजे खांबाला धरून ती असणार. जिवंत असणार. मी धावत फोनकडे गेलो आणि रिसीव्हर उचलला.

मेस्त्रींनी मागून येऊन फोनच्या खटक्यावर हात ठेवला.

"एका फेरीवर न्हाई सांगायचं, साहेब."

"मेस्त्री, ती तिथं आहे. डोळ्यांनी पाहिलं ना आपण."

"सकाळी बी डोळ्यांनीच पाहिलं व्हतं." त्यांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. खांडेपारकर साहेबांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी. तीन फेऱ्या झाल्याशिवाय निकाल नाही. "लाँच येकच हाय, होड्यांचं ह्या वाऱ्यापुढं काय चालत न्हाई. पुलापत्तुर वाऱ्याच्या तोंडाला जायला दीड तास. एकदा तितं गेली की भोंगा ऐकू जात न्हाई, आन् तिला माघारी बोलवायला बिनतारी न्हाई. आन् पोर हिकडंच कुटंतरी असली तर? माझी पोर हाय, साहेब. तीन फेऱ्या करा."

बाप म्हणत होता. आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. सकाळची चूक माझ्या मानगुटीवर बसली होती. पुन्हा शेट्यांना फोन करायचा, पुन्हा 'खात्री आहे' म्हणायचं, पुन्हा चुकायचं, हे मला नको होतं. तीन फेऱ्या केल्या की चूक माझी राहणार नव्हती, पद्धतीची होणार होती. मी रिसीव्हर खाली ठेवला.

फेरी सत्तावीस मिनिटांची, पण दोन फेऱ्यांमध्ये पाणी निवावं लागतं. पंखे बंद केले तरी पाणी आतल्या आत मागेपुढे हेलकावत राहतं. ते पूर्ण थांबलं की नाही हे बघायला आम्ही पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकायचो. खडा बुडताना जांभळी रेघ सोडतो. रेघ सरळ राहिली तर पाणी निवलं, वाकली तर थांबा. या निवण्याला चाळीस मिनिटं लागत.

ती चाळीस मिनिटं कशी गेली ते मला सांगता येणार नाही. शेडमध्ये पंख्यांचा आवाज थांबला की बाहेरचा वारा ऐकू यायचा. पत्रे वाजत होते. मेस्त्री पाण्याच्या काठाकाठाने येरझारा घालत होते आणि मध्येच थांबून खांबाशी अडकलेल्या पट्टीकडे बघत होते. एकदा मी त्यांना चहा दिला. त्यांनी तो हातात धरला आणि तसाच खाली ठेवला. म्हणाले, तिला थंडी लई वाजती, लहानपणापासून. माझ्या मनात एकच चाललं होतं की ती खांबाला धरून आहे आणि आम्ही तिच्यासाठी पाणी शांत व्हायची वाट बघतोय.

दुसरी फेरी सव्वाबाराला संपली. तीच वाट, तोच खांब.

मी म्हणालो, "आता बास. करतो फोन."

"तिसरी."

"मेस्त्री, दोन्ही सारख्या आल्या."

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. या सहा महिन्यांत त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. साहेबाला कुणी लावतं का. म्हणाले, "सकाळी तुमी सांगितलं आन् लाँच माघारी फिरली. ती मध्यावर व्हती. पुढं गेली असती तर... म्या तुमास्नी दोष देत न्हाई. पर आता चुकायचं न्हाई आपुन. पुन्यांदा लाँच वाया गेली तर पोर गेली."

त्यांचं एक अक्षरही खोडून काढता येत नव्हतं. पण मी साहेब होतो. हात सोडवून घेऊन फोन उचलणं माझं काम होतं आणि ते मी केलं नाही. पुढे लोकांनी मला कर्तव्यदक्ष म्हटलं तेव्हा हे मला दरवेळी आठवलं आहे.

साडेबारा. पाऊण. मी खडा टाकला. जांभळी रेघ खाली जाता जाता अगदी किंचित कलली. मी म्हणालो, चालेल एवढं. मेस्त्री वाकले, नाक पाण्याला लागेपर्यंत वाकले आणि म्हणाले, अजून न्हाई. दहा मिनिटांनी दुसरा खडा. अजून न्हाई. त्यांच्या कपाळावरचा घाम पाण्यात टपकत होता, त्याची गोल वलयं उठत होती, तर ते घाबरून मागे सरले. त्या थेंबाने पाणी हलू नये म्हणून. तिसऱ्या खड्याची रेघ सरळ गेली.

तिसरी फेरी एक वाजून पंचवीस मिनिटांनी संपली. पट्टी तिसऱ्या खांबाला टेकून उभी होती.

मी फोन केला. शेटे काही विचारायला लागले तर मी ओरडलो, जुना पूल, तिसरा खांब, लगेच निघा. आमच्या वसाहतीच्या धक्क्याला लाँच टेकली आणि मेस्त्री तिच्यात चढले. मी नाही गेलो. मला पोहता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. फोनशी कुणीतरी हवं, असंही सांगितलं.

तीन वाजता बकुळा सापडली. तिसऱ्या खांबाला. जाळं खांबाभोवती गुंडाळलं गेलं होतं आणि तिने जाळ्याची दोरी कमरेला बांधून लोखंडी सळईला गाठ मारली होती. मान पुढे पडली होती. मेस्त्री स्वतः पाण्यात उतरले आणि त्यांनीच ती गाठ सोडवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, असं लाँचच्या चालकाने मला सांगितलं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर मिसाळ कागदपत्रांवर सही घ्यायला मला व्हरांड्यात घेऊन गेले. सज्जन माणूस. आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो, घरच्यांना बोलू नका. अंग अजून ताठलं नव्हतं. फुप्फुसात पाणीही नाही. गारठ्याने आणि थकव्याने गेली. दुपारी एकपर्यंत तरी पोरगी जिवंत असणार."

मी सही केली. हिशेब आपोआप झाला, नको म्हटलं तरी. पहिल्या फेरीनंतर, अकराला मी फोन केला असता, तर लाँच साडेबाराला खांबाशी पोचली असती.

पुढच्या महिन्यात खांडेपारकर साहेबांनी अहवाल लिहायला लावला. तिन्ही फेऱ्यांचे निष्कर्ष एकसारखे, मॉडेल आणि प्रत्यक्ष यांत फरक शून्य, असं मी लिहिलं आणि ते अक्षरशः खरं होतं. केंद्राला वरून शाबासकीचं पत्र आलं. साहेबांनी ते चौकटीत लावलं. माझी बदली होईपर्यंत मी त्या भिंतीकडे पाठ करून बसत असे.

पण त्याआधीची गोष्ट राहिली. बकुळाचं तेरावं झालं त्या संध्याकाळी मी मेस्त्रींच्या क्वार्टरवर गेलो. बायका आत होत्या. मेस्त्री बाहेर बाजेवर बसले होते, डोकं भादरलेलं, एकदम म्हातारे दिसत होते. मला बघून सरकले, शेजारी जागा केली. आतून त्यांच्या बायकोचा हुंदका मधूनच ऐकू येत होता.

मग त्यांनी विचारलं, "साहेब, डाक्टर काय म्हनलं? कवा गेली ती?"

या प्रश्नाची तयारी मी तेरा दिवस केली होती. मी त्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "रात्रीच गेली, मेस्त्री. पहाटेच्या आधी. आपण पहिला पंखा लावला, त्याच्या कितीतरी आधी."

"म्हंजी आपुन उशीर न्हाई केला."

"नाही. आपल्या हातात काही नव्हतं."

त्यांनी मान हलवली. बाजेच्या सुंभाचा एक सुटलेला पदर बोटाने आत खोचत राहिले. मला वाटलं, माझं खोटं त्यांना पटलं आणि निदान एवढं तरी मी त्यांच्यासाठी करू शकलो. आत बायकोने पाणी मागितलं, कुणीतरी दिलं, भांडं वाजलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्या बी तिच्या आईला त्येच सांगितलंय. रातीच गेली म्हनून." मग माझ्याकडे न बघता, आतल्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "तवा साहेब, आत बोलताना तेवढं सांभाळा. गाठ सोडवताना पोरीच्या काखंत ऊब व्हती, हे तिच्या आईला कळू देऊ नगा."

मी म्हणालो, नाही कळू देणार.